उजव्या पंखाची खळ

आये,

सकाळपासून मी कुणाशी धड बोललेलो नाही, म्हणून तुझ्याशी बोलतोय. तात्या दोनदा दारात येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "भाकरी खातो का विमानच खातो?" मी म्हटलं, "विमान मेंढरांनी खाल्लं, माझ्यापुरतं ठेवलं न्हाय." त्यांना हसू आलं असणार, पण तोंड फिरवून गेले. तुला यातलं काही कळायचं नाही. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होतो आणि आपल्या घरात सायकलसुद्धा नव्हती. आता आपल्या मोकळ्या वाडग्यात, जिथं तू मेंढरं कोंडायचीस, तिथं चार पत्रे टाकून मी विमान बांधतोय. खरं विमान, एका माणसाचं. एखाद्या मोठ्या पतंगाला तीन चाकं, खुर्ची आणि मागं इंजिन लावावं तसं दिसतं. सगळं वरकुटं गाव मला 'पायलट' म्हणतं, आणि कशासाठी म्हणतं ते मला चांगलं कळतं.

तू गेल्यावर तात्यांनी मेंढरं विकली, ऊस केला, मला बारामतीला डिप्लोमाला घातलं. तिथं पिंपळीचे एक निवृत्त हवाईदलवाले काका भेटले. विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांच्या परदेशातल्या मुलानं सुट्या भागांची एक लांबलचक पेटी बापाला पाठवली होती, म्हातारपणी खेळायला. नळ्या, बोल्ट, तारा, कापड, इंजिन, आणि कुठला नट कुठं बसतो ते सांगणारं जाडजूड इंग्रजी पुस्तक. पेटी गोदामात इतकी वर्षं अडकली की ती सुटेपर्यंत त्यांचे हात कापायला लागले होते. मी रोज कॉलेज सुटलं की त्यांच्या ओसरीवर. शेवटी म्हणाले, "ने बाबा. पण एक अट हाय. अर्धं ठेवायचं न्हाय. अर्धं विमान म्हणजे भंगार. आणि सरकारचा कागद येईस्तोवर जमिनीवरच पळवायचं, फार तर चाकं उचलायची." उसाच्या ट्रॉलीत पेटी घालून पिंपळीहून वरकुट्याला आणली. वाटेत निमगाव केतकीच्या बाजारात माणसं विचारत होती, "कुणाची मयत हाय रं?" पेटीची लांबीच तशी होती.

त्यांची पुतणी त्याच घरात राहायची. कॉमर्सला होती, इंग्रजी चांगलं. पुस्तकातलं मला कळायचं नाही ते ती वाचून दाखवायची. ओसरीच्या पायरीवर ती, खाली मी, मध्ये नळ्या. 'लॉकिंग वायर' कशाला, तर इंजिनाच्या थरथरीनं बोल्ट आपोआप सैल होतो, म्हणून त्याला तारेनं शेजारच्या बोल्टाशी बांधून ठेवायचं. ती म्हणाली, "म्हणजे एक सैल व्हायला लागला की दुसरा त्याला ओढून धरतो." बास, आये, तिथं माझं काम झालं. त्या दिवसापासून माझं वर्गातलं लक्ष गेलं ते गेलंच. मी एक बिजागरी कॉलेजच्या लेथवर करायला घेतली होती, तर सरांनी ती सगळ्यांसमोर भंगारात टाकली आणि म्हणाले, "इथं नोकऱ्या लागणारी पोरं घडवतो आम्ही, विमानं नाही." मी हातातली कानस टेबलावर आपटली, बाहेर पडलो, आणि परत गेलोच नाही. तात्या पंधरवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तू असतीस तर कान धरून परत नेऊन बसवलं असतंस. मला तेव्हा तेच पाहिजे होतं बहुतेक. कुणी धरलंच नाही.

विमान बांधणं म्हणजे लोकांना वाटतं पाना फिरवला, झालं. बांधलेलं विमान तसंच ठेवलं तरी बिघडतं गं. पेट्रोलच्या टाकीला हवा घ्यायची बारीक नळी असते, तिच्यात कुंभारीण माशी मातीचं घर करते आणि इंजिन गुदमरून बंद पडतं. मी आठ दिवस इंजिनाला शिव्या दिल्या, निघाली माशी. ऊस पेटवला की काजळी येऊन हवेच्या जाळीत बसते. प्रत्येक तार हातानं चाचपायची, प्रत्येक बोल्ट बघायचा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्यावर गावातले शहाणे येऊन काट्यांच्या कुपाटीपाशी उभे. "पायलट, पंढरीला सोडतो का? तिकीट काय?" एकाला मी पाना फेकून मारला. लागला नाही.

एका पंखानं मात्र मला रडवलं, उजव्या. पंखाचा सांगाडा नळ्यांचा, त्यावर कापड ओढायचं आणि ते ढोलासारखं ताणून बसावं म्हणून त्यावर एक औषध फासायचं. पेटीत त्याचे दोन डबे होते. एक बरा निघाला, त्यात डावा पंख झाला. दुसरा फोडला तर आत औषधाचा दगड झालेला. आणि उजव्या पंखाच्या कापडात गोदामातल्या उंदरांनी पिल्लं घातली होती. नवीन कुठून आणायचं? काकांनी एसटीडी बूथवरनं मुलाला फोन लावला, तो म्हणाला सहा महिने लागतील. सहा महिने माझ्याकडं नव्हते. पिंपळीत तिला बघायला पाहुणे यायला लागले होते.

तिनं मला स्पष्टच सांगितलं होतं. बारामतीच्या स्टँडवर, रसाच्या गाड्यापाशी. म्हणाली, "घरी तुझं नाव काढलं तर पहिलं काय विचारतील? पोरगा काय करतो. मी काय सांगू? कॉलेज सोडलं, विमान अर्धं हाय?" मी म्हटलं, "पुरं करतो." ती म्हणाली, "मग कर. एक गोष्ट पुरी केलेली मला डोळ्यांनी बघू दे. चाकं जमिनीवरनं नुसती उचलली तरी मी चुलत्यांना सांगीन, चुलते वडिलांना सांगतील. पुढचं मी बघते." तेवढंच. माझं सगळं त्या चाकांखालच्या वीतभर हवेवर आलं.

आणि मग मला तुझी खळ आठवली. कारण ताणून बसलेलं कापड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तुझी घोंगडीच येते. तू चिंचोके भाजायचीस, टरफलं काढून जात्यावर भरडायचीस, आणि चुलीवर मोठ्या पितळी पातेल्यात ती खळ रटरटायची. घरभर खमंग, थोडा करपट वास. घोंगडीला ती दोन्ही बाजूंनी घासून उन्हात ताणली की अशी कडक व्हायची की उभी केली तर उभी राहायची. मी निमगावातून जाडं मांजरपाट आणलं, तुझंच पातेलं माळ्यावरनं काढलं. आतून काठाला निळसर डाग धरला होता. चिंच आणि राख लावून घासून घासून तो काढला, सोन्यासारखं केलं. खळ शिजवली. तात्या चुलीपाशी येऊन उभे राहिले, वास घेतला, जाळ सारून दिला. कॉलेज सोडल्यापासून माझ्या कामाला लागलेला तो त्यांचा पहिला हात. पंखाला खळ बसली आणि उन्हात कापड असं ताणलं की बोट मारलं तर डफासारखं वाजलं. काका येऊन बघून म्हणाले, "पावसाळी हवेत टिकणार न्हाय, पण उन्हाळाभर चालंल. पळव." सीटवर मी तुझी घोंगडी घडी घालून ठेवली. गादी पेटीत नव्हती.

गेल्या रविवारी ती येणार होती. मी तिला आणायला निमगाव केतकीच्या स्टँडवर गेलो. तिची बस लेट, मी दोन तास नुसता कपाळाला आठ्या घालून उभा. ती उतरली, मैत्रीण बरोबर, दोघींच्या हातात पिशव्या, घरी बाजार सांगून आलेल्या. येताना गाडीवर ती मागून म्हणाली, "मी रात्री झोपले न्हाय." मी म्हटलं, "मी आठ रात्री."

वाडग्यापाशी पोचलो तर आत मेंढरं. मामाची, तुझ्या भावाची. दरसाली परतीच्या वाटेवर तो आपल्या वाडग्यात दोन दिवस उतरतो, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. तू असल्यापासून तसंच आहे. आपली मेंढरं गेली तरी वाडगं त्याचं. पण यंदा मी पत्रे टाकलेत, आत विमान आहे, एवढं तरी तो बघेल ना! तात्यांनी कुपाटी काढून दिली होती. मी ओरडलो तर म्हणतात, "तुझ्या आईच्या भावाला वाडगं न्हाय म्हणू? कुठल्या तोंडानं?" आणि मेंढरं उजव्या पंखाखाली माना वर करून उभी, खालून चाटतायत. चाटून ओलं झालेलं कापड ओढतायत, फाडतायत, शांतपणे चघळतायत. एकीच्या तोंडातून मांजरपाटाची पट्टी लोंबत होती. मामा कौतुकानं म्हणाला, "भाच्या, लई गोड लागतंय जणू त्यास्नी. काय लावलंस रं?"

मी काय काय बोललो ते तुला लिहीत नाही. मामाला बोललो, तात्यांना बोललो, एका मेंढीला लाथ घातली. मामाचं तोंड तेवढं उतरलं. म्हणाला, "तिला कशाला? मला घाल." मैत्रीण हसली. ती हसली नाही, आये. हसली असती तर बरं झालं असतं. ती पंखाच्या फाटक्या कडेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मेंढरांनी विमान खाल्लं, हे मी घरी कसं सांगू?" मग हळूच, "पुन्हा करशील? किती दिवस लागतील? मी थोडं थांबवून बघते." एवढं सरळ विचारलं तिनं. आणि मी? माझं डोकं तापलेलं. म्हटलं, "तुला काय, पाहुणे आलेत ना? हो म्हण." ती म्हणाली, "तुला काही वाटणार न्हाय?" मी म्हटलं, "न्हाय." तिनं हात पंखावरनं काढला. मग पिशवी उचलली. बसला सोडायलाही मी गेलो नाही, मामा गेला. बैलगाडीतून.

काल काकांची चिठ्ठी आली. परवा तिची सुपारी फुटतेय. खाली त्यांनी विचारलंय, पंख झाला का.

मी आज सकाळपासून त्या पंखाखाली पडून आहे. आधी मामाचा राग, मग तात्यांचा, मग तिच्या घरच्यांचा. राग पण किती पुरवायचा, दुपारपर्यंत संपला. आणि मग उताणं पडल्या पडल्या सीटवरची तुझी घोंगडी दिसली. तीही खळीचीच. पंखाला लागून ठेवलेली, मेंढरांच्या तोंडापाशी. तिला एकानंही तोंड लावलेलं नाही. इतकी वर्षं माळ्यावर होती, कसर नाही लागली, उंदीर नाही लागला. मी उठून बसलो. एक एक करून आठवायला लागलं. घरातलं उरलंसुरलं सगळं तू मेंढरांपुढं टाकायचीस, उरलेली खळ मात्र परड्यात खड्डा काढून पुरायचीस. आणि लंगडणाऱ्या मेंढरांच्या खुरांना लावायच्या मोरचुदाची निळी पुडी, ती औषधाच्या डब्यात नसायची, चुलीमागच्या कोनाड्यात असायची. पातेल्याचा निळा डाग! मीच घासला, आये. चिंच लावून, राख लावून.

तू मला एकदाच मारलंस. मी पहिली-दुसरीत असेन. पातेल्यात बोट घालून चाटलं, तर तू पाठीत असा धपाटा घातलास की मी चुलीपासून उंबऱ्यापर्यंत गेलो. मग हौदावर नेऊन चूळ भरायला लावलीस, पुन्हा पुन्हा, दूध पाजलंस, आणि दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत बसलीस. मी कितीतरी वर्षं तो धपाटा मनात धरला. एवढ्याशा खळीसाठी, म्हणायचो, चिमूटभर चिंचोक्यासाठी आईनं मारलं. तुला एक शब्द सांगता आला नाही का, की त्यात विष आहे? का सांगितलंस आणि मीच ऐकलं नाही? मी रागावलो की मला ऐकू येत नाही, हे आता मला कळायला लागलंय. उपयोग काय.

तात्यांनी आत्ता न विचारता चिंचोके आणून ठेवलेत. निमगावातून मोरचुदाचा खडा पण आणला, "घालायची ती, माझ्या डोक्यातनंच गेलं" म्हणाले. मांजरपाट आहे. परवापर्यंत पंख वाळत नाही, आणि वाळला तरी आता कुणाला दाखवू? तरी जाळ घालणार आहे. तुझ्या पातेल्याखाली पेटवायला कागद लागतो, हे पत्र त्यालाच लावीन. तुझं पत्र टाकायला दुसरी टपालपेटी कुठं आहे?

त्या दिवशी हौदावर माझी हनुवटी धरून तू विचारत होतीस, गिळलीस का, खरं सांग, गिळलीस का. मी डोळे मोठे करून न्हाय म्हणालो. गिळली होती, आये. गोड होती.