कार्डावरचं वजन

आई, काल तुझ्या नातीसोबत डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. तिथं बसल्या बसल्या तुझा असा राग आला, की तू असतीस तर भांडून मोकळी झाले असते. तू नाहीस, म्हणून कागद.

गांधीबागेतल्या त्या प्रसूतिगृहात तू मोठी सिस्टर. बाया कळांपेक्षा तुझ्या जिभेला जास्त भीत. लग्नानंतर नुसती विचारपूस करायला आलेल्या जाड पोरीलाही तू वजनकाट्यावर चढवायचीस. "आधी हे उतरव वं, मंग पाळण्याचं पाह्य. कळा तुले द्यायच्या हायेत, मले नाई." घरी मात्र मला तिसरी पुरणपोळी वाढताना तूच म्हणायचीस, "अंगानं भरलेली बाई सुखानं मोकळी होते." जगाला शास्त्र आणि लेकीला तूप.

मला दिवस गेले तेव्हा माझं वजन तू केलंस, बाकीच्या बाया गेल्यावर, काट्याच्या आड उभी राहून. वाटलं, माझी लाज राखतेस. नववा महिना लागला तरी तपासणीच्या कार्डावर मी अडुसष्ट किलोचीच. घरच्या आरशाला एवढी सवलत देता आली नव्हती. लाज मोठ्या सिस्टरची राखली जात होती, हे मला ऑपरेशनच्या टेबलावर कळलं.

सलाईनमधून कळा आणल्या. दीड दिवस झाला तरी वाट पुरती उघडेना. बाळाचे ठोके ऐकायचा पट्टा पोटावरून घसरतो आहे, तू तो परत परत बसवते आहेस, माझ्याकडे न बघता. शेवटी सिझर ठरलं. भूल देणारे डॉक्टर पाठीत सुईची जागा शोधत राहिले. तिसऱ्यांदा थांबून त्यांनी कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं. "सिस्टर, हे कोणाचं कार्ड आहे? अंदाज असता तर लांब सुई मागवून ठेवली असती."

तू म्हणालीस, "लिहिणारीचं चुकलं असंल."

अक्षर तुझं होतं, आई.

पुढं टाके पिकले, जखम उघडली. दीड महिना रोज तू स्वतः ड्रेसिंग केलंस, इतक्या हळुवार हातानं, की विचारायची सोयच ठेवली नाहीस. वजन माझं होतं, त्याचा दोष तुझ्या पदरात घालत नाही. वेळेवर सांगणं तेवढं तुझं होतं.

नातीला आता मूल हवंय, आणि ती अंगानं माझ्यावर गेली आहे. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, गोडही बोलल्या नाहीत. "आधी थोडं वजन कमी केलंत तर बरं. नाही जमलं तरी या, फक्त काही लपवू नका. कळा लांबू शकतात, सिझर लागू शकतं, भूल देणं अवघड जातं. ठाऊक असलं की आम्ही तयारीत राहतो." दोन मिनिटांचं बोलणं. तेवढंच तू माझ्याशी बोलायला हवं होतंस.

परतताना ऑटोत पोरीनं विचारलं, "आई, तुह्या वेळेस काय झालं होतं वं?" मी सगळं सांगितलं, कार्ड, सुई, जखम, सगळं. ती म्हणाली, "मंग आधी वजनाचंच पाहू. पण कार्डावर खोटं कोनं लिहिलं?"

"होती एक सिस्टर."

"तिले कोणी बोललं नाई?"

"वारली ती."

हुडकेश्वरचं घर येईपर्यंत पोरगी त्या सिस्टरला शिव्या घालत होती. मी तुझं नाव सांगितलं नाही. तिला थांबवलंही नाही, आई. ऐकायला बरं वाटत होतं.