हमाम की बालवाडी

१२ सप्टेंबर, बुधवार

नगरसभेची बैठक तीन तास चालली. विषय एकच — पुलाजवळच्या सार्वजनिक हमामाचा बंब दुरुस्त करायचा, की हमाम बंद करून त्या इमारतीत बालवाडी काढायची. दोन्ही जमणार नाही, असं अध्यक्ष मेदेरबेक म्हणाले.

गुलायम बालवाडीच्या बाजूची. जागा नाही म्हणून घरी बसलेल्या मुलांची यादीच घेऊन आली होती. एकेक नाव वाचायला लागली. चाळिसाव्या नावाला मेदेरबेकनी हात वर केला. "कळलं, बाई."

"एकशे त्रेचाळीस आहेत. सगळी कळू देत," ती म्हणाली आणि वाचत राहिली.

मी काही बोललो नाही. एकवीस सभासदांत दहा इकडे, दहा तिकडे. उरलेला मी.

१३ सप्टेंबर, गुरुवार

घरी बायकोला, ऐचुरोकला, सांगितलं. दर गुरुवारी बायकांच्या दिवशी ती हमामात जाते. घरात न्हाणीघर आहे, मी स्वतः बांधलेलं. तरी जाते.

"मग तुम्ही काय ठरवलंत?"

"अजून काही नाही."

"बरं." टॉवेल घेऊन निघून गेली.

२० सप्टेंबर

हमाम सांभाळणारी सबीरा फाटकात उभी. आत ये म्हटलं तर आली नाही. "इशेनआली-आके, मत द्यायच्या आधी एकदा येऊन बघा. पुरुषांचा दिवस शनिवार." एवढंच बोलली.

२२ सप्टेंबर, शनिवार

गेलो. तीस वर्षांनी. नोकरीभर जमिनी मोजल्या, त्यामुळे भिंती, छत आपोआप नजरेने तोलले जातात. छत अजून दहा वर्षं काढेल. बंब या हिवाळ्यातच बसेल.

कोपऱ्यात बाकावर टोकोन-आता, म्हणजे टोकोन आजोबा. खालच्या आळीतले, दोन्ही डोळ्यांनी आंधळे. माझी चाहूल लागली तशी म्हणाले, "कोण रे तो? पाठ घास जरा."

घासली. नुसत्या बरगड्या.

"हात नवा दिसतोय. कुठला तू?"

"पुलाच्या अलीकडचा."

"म्हणजे घरात गरम पाणी असणार. मग इथे कशाला कडमडलास?"

"बघायला."

"बघायला! मला विचार की. मला इथलं सगळं दिसतं." बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, खालच्या आळीतले नळ नोव्हेंबरात गोठतात ते मार्चलाच सुटतात. तोवर आठवड्यात एकदा अंग ऊन होतं ते इथेच. "सभेत कुणी एक मुका बसलाय म्हणे. त्याच्यावर सगळं अडलंय."

"हो, ऐकलंय," मी म्हणालो. आणखी जोरात घासली.

३ ऑक्टोबर, बुधवार

मत बालवाडीला दिलं. अकरा विरुद्ध दहा.

कारण साधं आहे. घरी बसलेली मुलं एकशे त्रेचाळीस. हमामात आठवड्याला जेमतेम नव्वद माणसं, त्यातली निम्मी ऐचुरोकसारखी, सवयीने येणारी. मेदेरबेक म्हणाले, "खालच्या आळीजवळ जागा मिळाली की नवा हमाम बांधू." तिथे नगरसभेची जागा नाही हे त्यांना ठाऊक आहे. मलाही. तिथली मोजणी मीच केली होती.

घरी आलो. ऐचुरोकने चहा ओतला.

"कुणाला दिलंत?"

"बालवाडीला."

"हं." नान मोडून माझ्यापुढे ठेवला, स्वतःसाठी नाही घेतला.

१ नोव्हेंबर, गुरुवार

हमामाला कुलूप. ऐचुरोक दिवसभर घरी. लोकर पिंजत बसली होती.

२१ नोव्हेंबर

थंडी कडक पडली. बातमी ऐचुरोकने आणली — टोकोन-आता घरात घंगाळाजवळ घसरले. मनगट मोडलं, डोक्याला टाके. सून पाणी आणायला पुलापर्यंत आली होती, तेवढ्यात एकट्यानेच अंघोळीला बसले.

"जिवाला धोका नाही ना?" मी विचारलं.

"नाही." मग थोड्या वेळाने, "तुम्ही ओळखता त्यांना?"

"एकदा भेटलो होतो."

२३ नोव्हेंबर

बालवाडी उघडली. भिंती पिवळ्या रंगवल्यात. मुलं आनंदात होती. गुलायम कोपऱ्यात जाऊन रडत होती, कुणाला दिसू नये अशा बेताने. माझं मत चुकलं असं वाटलं नाही. आजही वाटत नाही. तरी वाडग्यातला पुलाव तसाच ठेवून उठलो.

६ डिसेंबर, गुरुवार

सकाळपासून न्हाणीघराच्या धुराड्यातून धूर. आज इतक्या लवकर बंब का पेटवला, असं ऐचुरोकला विचारणार तोच फाटक वाजलं. बाहेर सबीरा. तिच्यामागे पाच बायका, काखेत गाठोडी. सर्वांत मागे आपल्या मुलाच्या खांद्याला धरून टोकोन-आता, हात प्लास्टरमध्ये.

मला वाटलं, सांगून टाकलेलं बरं. "माझं मत बालवाडीला होतं. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे," सबीरा म्हणाली. "बादल्या कुठे ठेवता?"

आधी बायका. मी कोळसा ओढत राहिलो, पाणी भरत राहिलो. शेवटी टोकोन-आतांना आत नेलं. मुलगा प्लास्टरचा हात वर धरून उभा. मी पाठ घासायला घेतली तसे ते थबकले.

"हा हात ओळखीचा आहे." मग, "म्हणजे सभेतला मुका तो तुम्हीच."

"हो."

ते आणखी पुढे वाकले.

"मग नीट घासा," ते म्हणाले.

सगळे गेल्यावर न्हाणीघर पुसलं. यांना कुणी बोलावलं, ते ऐचुरोकला विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी कोळसा जास्त लागेल, एवढंच ती म्हणाली.

९ डिसेंबर, रविवार

घरामागची जर्दाळूची बाग मोजली. पुलापासून दोनशे पावलं. बर्फ उकरून चार खुंट्या ठोकल्या. हमाम आणि सरपणाची खोली, दोन्ही बसतात. बारा झाडं जातील.

मेदेरबेकना पत्र लिहिलं — जागा मिळाली आहे. नकाशा जोडला.

मोजणीच्या फितीचं दुसरं टोक ऐचुरोकने धरलं होतं.