आरारूटाच्या फुलांची टोपडी

२८ ऑगस्ट १९९४, रविवार

सणसर, दादाचं रान. रविवारी आम्ही दोघं तालुक्याहून येतो. आरारूटाला फूल आलं. पांढरं, बोटाच्या पेराएवढं, लक्ष न देता पुढे जावं असं. सुमनने दादाला त्याची करामत दाखवली. केरसुणीची काडी आत टेकवली की दाबून धरलेला इवला दांडा फटकन वळतो, आणि परागांची देवघेव त्या एका झटक्यात उरकते. पुन्हा नाही. फूल एकदाच चालतं.

दादा : "आयला, उंदराचा सापळाच की ह्यो!" मग माझ्याकडे वळून, "तुझी बायकू माझ्या रानात सापळं लावतीय, आन् तू पेपरात आमच्या कारखान्याच्या बातम्या लावतूस. चांगला जोडा हाय."

या झाडाला आपल्याकडे बी धरत नाही, असं सगळे धरून चालतात. लागवड कंदापासून होते, त्यामुळे कुणाचं अडत नाही. सुमनचं अडतं. कोकणातल्या आणि इथल्या झाडांचा संकर केला तर बी धरतं का, एवढंच तिच्या प्रबंधात उरलंय. कॉलेजातून घेतलेली अभ्यासरजा जानेवारीच्या मध्यापर्यंत, पीएच.डी.ची नोंदणीही तोवरच. मुदतवाढ एकदा घेऊन झाली, दुसरी मिळत नाही.

कचेरीला जाणारं बातम्यांचं पाकीट पाचच्या एसटीत टाकलं.

४ सप्टेंबर

संकर केलेल्या प्रत्येक फुलावर मलमलची पिशवी. जुन्या धोतराच्या, वहिनींनीच शिवल्या. "फुलास्नी टोपडी! माझ्या पोरांस्नी बी येवढी न्हाय शिवली." हसून हसून डोळ्यांत पाणी.

जेवताना त्यांनी विचारलं, ह्येचं करत्यात काय? सुमनला रानात परतायची घाई. कंदाची पिठी, म्हणाली, पोटाला हलकी, आजाऱ्याला देतात.

"म्हंजे कांद्यावाणी. समदा जीव खाली."

"हो, तसंच."

१३ सप्टें.

भिगवणला मासळीच्या लिलावावर मजकूर. कपड्यांना वास. घरी आलो तर सुमन खुशीत. काही टोपड्यांत फुलाखालची गाठ फुगली आहे. "फळ म्हणू नकोस हं अजून," म्हणाली. नंतर स्वयंपाक करताना स्वतःच म्हणत होती.

१९ सप्टें.

सुमनला ताप. आठवडाभर अंथरूण सोडायचं नाही. बाजाराला आलेल्या दादाबरोबर निरोप दिला, वाफ्याकडे लक्ष असू द्या. वहिनींचा उलट निरोप आला : "म्हणावं, निवांत पड. समदं बघते."

२५ सप्टेंबर, रविवार

वाफ्यात एकही फूल नाही. फुलांचे दांडे बुडातून खुडलेले.

वहिनींनी घरातून पिशव्या आणून दिल्या. धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घालून.

"डेंगळं काढली समदी. डेंगळा ठिवला की कांदा पोसत न्हाय. तू टोपडी घालून दाबलीस, तरी मेली वाढतच हुती. म्हनलं, पोर आजारी हाय, आपुन तिचं काम करून टाकू. दोन दीस कंबर मोडली बघ."

सुमन घड्या हातात घेऊन उभी. म्हणाली, "बरं केलंत, जाऊबाई." चहा घेतला. साखर जास्त होती, तेवढं आठवतं.

२६ सप्टें.

मी म्हटलं, तेव्हाच सांगायला हवं होतंस.

"काय सांगू? तोंड बघितलंस का त्यांचं? केवढ्या हौसेने दाखवत होत्या."

बातमी असती तर मथळा लगेच सुचला असता. नवरा म्हणून काही सुचलं नाही.

एसटीडी बूथवरून तिने पुण्याला मार्गदर्शक सरांना फोन केला. सर म्हणाले, पुढच्या मोसमात बघू. पुढचा मोसम मुदतीत बसत नाही, हे सर विसरले असावेत. किंवा नसावेत.

९ ऑक्टोबर, रविवार

विहिरीकडच्या ओळीवर सावली असते. तिथे उशिराने फुलं येतायत. आता सांगणं भागच.

सुमनने वहिनींच्या हातात काडी दिली, आत टेकवायला लावली. दांडा उडाला तशा वहिनी दचकल्या. "आता ह्येला परत कर की व्हतं तसं."

"होत नाही. एकदाच."

"आन् टोपडं?"

"आपण एकदा पराग लावला की दुसरं कुणी शिवू नये, म्हणून."

वहिनी : "मंग तवाच का न्हाय बोललीस? बरं केलंत म्हनलीस. मी आळीभर सांगत फिरले, जावंचं काम केलं म्हणून."

वहिनी काडी टाकून घरात गेल्या. आज दादाने वाढलं. भाकरी मोडताना म्हणाला, "मला जन्मात कुनी बरं केलंत म्हनलं न्हाय, त्ये बरंय."

६ नोव्हेंबर

दिवाळीत सणसरहून फराळाचा डबा आला. माझ्या नावाने.

सुमन रोज पहिल्या एसटीने जाऊन येते. वहिनी वाफ्याकडे फिरकत नाहीत. बोलणं "बस" आणि "जेव" एवढंच. फुलं संपत आली. टोपडी बांधायला दादा मदत करतो, त्याच्या जाड बोटांनी दोन फुलं उडाली. "सापळा माझ्यावरच चालला गं!"

ऊसतोड सुरू. रोज तीच बातमी, गावं वेगळी.

४ डिसेंबर, रविवार

बहुतेक टोपडी रिकामी. आतलं वाळून गळालं. एकात फळ धरलं आहे. हिरवं, वाटाण्याएवढं. आत बी आहे की पोकळ, ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि पिकायच्या आत फोडलं तर कळून उपयोग नाही.

त्या टोपड्याला दुहेरी गाठ मारलेली. वर हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी. सुमनने बांधलेली नाही. दादाला अशी गाठ येत नाही. कुणी विचारलं नाही.

८ जानेवारी १९९५, रविवार

दादाला रान मोकळं हवं, ऊस लावायचा आहे. कंद काढले. चांगले पोसलेले, मुळ्यासारखे.

"बगा, पोसलं का न्हाय!" वहिनी दादाला म्हणाल्या. ऐकवलं सुमनला. सुमनला हसू आलं. वहिनींनाही आलं असावं, त्यांनी तोंड फिरवलं.

गडी विहिरीकडच्या ओळीकडे वळला तर ओरडल्या : "ए बाबा, तितं कुदळ न्हाय लावायची! हात मोडीन."

१५ जानेवारी, रविवार

काल संक्रांत. आज कर, शुभ कामाला वर्ज्य.

सुमनची रजा आज संपते. उद्या सकाळी तास आहे आणि सरांनाही उद्याच कळवायचं आहे, बी धरलं की नाही. फळ अजून पुरतं पिकलेलं नाही, कडेला थोडं पिवळट. सुमनने पर्समधून ब्लेड काढलं. वहिनी वाफ्याच्या तोंडाशी आडव्या उभ्या.

"आज कर हाय. आज काय फोडायचं न्हाय."

"जाऊबाई, माझी रजा संपते आज."

"रजा तुजी संपती. त्येची संपती व्हय?" मग आवाज खाली आणून : "पिकू दे गं. म्या हाय हितं. कुनाचा हात लागू द्यायची न्हाय, माजाबी."

सुमनने टोपड्याची गाठ चाचपली. ब्लेड कागदात गुंडाळून परत पर्समध्ये ठेवलं.

निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. त्या ओळीतली पानं उभी होऊन एकमेकांना चिकटत होती, रोज सांजेला होतात तशी. दादा : "बग, पानं बी हात जोडत्यात तुज्या वहिनीला."

वहिनींनी कंदाच्या पिठीचा डबा दिला. सुमनच्या हातात.

स्कूटरवर तिने विचारलं, सरांना काय कळवू? म्हटलं, आमच्याकडे अशा वेळी छापतात, सविस्तर वृत्त अद्याप हाती आलेले नाही.

"असं लिहिलं तर नोंदणी जाईल."

"जाईल."

पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग. स्कूटर हळू करावी लागली. रांग संपली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी जरा लवकर निघू."