नवाचा बिल्ला

ता. ३, सोमवार
एकदाचा पोचलो. वाटेत होडीत दोनदा ओकलो, पण बेटावर पाय टेकला आणि जिवाला बरं वाटलं. लेकीने खोली छान लावून ठेवली आहे. खाट, टेबल, आणि खिडकीतून थेट धक्का दिसतो. आई गेली, आता एकटे घरात कुढत बसू नका, म्हणून तिनेच बोलावून घेतलं. ती आणि जावई पाहुण्यांना पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी फिरवून आणतात. माणसं यासाठी लांबून येतात. मला पोहताही येत नाही. चौथी शिकलेला माणूस मी, पण रोज चार ओळी लिहायच्या असं लेकीला कबूल केलं आहे.

ता. ४, मंगळवार
मला काम मिळालं. होडीवर एक फळी आहे, तिला बारा हुक आणि हुकांवर नंबराचे पितळी बिल्ले. खाली जाणाऱ्याने आपला बिल्ला काढून कमरेला लावायचा आणि वर आल्यावर स्वतःच्या हाताने परत टांगायचा. दुसऱ्याचा बिल्ला कोणी टांगायचा नाही. फळी भरल्याशिवाय जावई इंजिन चालू करत नाही. मी फळीवर नजर ठेवायची.
लेकीचा नंबर चार. वर आली की ती आधी डोळ्यांवरचा मोठा चष्मा काढते आणि सगळ्यांदेखत फर्रकन नाक शिंकरते. बापाचं वळण, असं जावई म्हणाला. मग ती खालच्या गमती सांगत बसली. पोपटासारखी चोच असलेला मासा प्रवाळ कुरतडतो, त्याचा आवाज पाण्यात कुरुकुरु ऐकू येतो म्हणे. खडकातल्या एका घळीत बसएवढं कासव झोपतं. बसएवढं म्हणजे केवढं, कुठली बस, हे विचारलं तर हसत सुटली.

ता. ६, गुरुवार
नऊ नंबरच्या हुकावर बिल्लाच नाही. दोन दिवस डोळ्यांत सलत होता. जावयाला विचारलं तर असू द्या म्हणाला. असू द्या काय? मी आयुष्यभर पत्र्याच्या पेट्या ठोकल्या, एक खिळा कमी असला तर झोप लागत नसे. पितळेचं एक जुनं झाकण कापलं, कड कानसली, खिळ्याने टोचून टोचून नऊ काढला. जरा डावीकडे कलला. टांगला. आता फळी फळीसारखी दिसते.

ता. ७, शुक्रवार
सहा जण खाली गेले. बघतो तर सात हुक रिकामे. माझा नऊ गेलेला. सगळे वर आल्यावर बघितलं, तर नऊ जागेवर आणि ओलाचिंब. म्हाताऱ्याची चेष्टा करता का, म्हणून मी सगळ्यांना सुनावलं. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. जावई म्हणाला, बाबा, ऊन लागलं असेल. ऊन मला पाच वर्षांचा असल्यापासून लागतं आहे.

ता. ८, शनिवार
आज नुसती फळी नाही, पाणीही बघत होतो. खालच्या माणसाचा श्वास बुडबुडे होऊन वर येतो. माणसं सहा, बुडबुड्यांच्या माळा सात. सातवी लेकीच्या माळेला अगदी लागून. वर या म्हणून खूण करायची साखळी मी पाण्यात आपटली, सगळे घाबरून वर आले. सहाच होते. पाहुण्यांचा दिवस वाया गेला.

ता. ९, रविवार
सुट्टी. लेकीने फळी नीट बघितली आणि नवावर बोट ठेवलं. तेव्हा कुठे मला सांगितलं. खाली जाताना दोघादोघांची जोडी असते. दोन वर्षांपूर्वी तिचा जोडीदार नऊ नंबर होता. कासवाच्या घळीत शिरला. तिची हवा संपत आली म्हणून ती एकटी वर आली. तो आलाच नाही. तीन दिवस शोधला. तेव्हापासून हुक रिकामा ठेवला होता. हे मला पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? जावयाने बिल्ला उपटून समुद्रात भिरकावला. ज्याचा त्याला पोचला, म्हणाला. मला ते बोलणं आवडलं नाही.

ता. १०, सोमवार
सकाळी नऊ हुकावर होता. माझाच, डावीकडे कललेला. एका रात्रीत त्याच्यावर शिंपले धरलेत, प्रवाळाचा पांढरा थर चढलाय. दोन वर्षं पाण्यात पडल्यासारखा. जावयाला दाखवला. तो म्हणाला, तुम्हीच कुठूनतरी चिकटवलंत.

ता. ११, मंगळवार
पुन्हा सात माळा. पुन्हा ओरडलो. जावई म्हणाला, आता पाहुण्यांपुढे ओरडायचं नाही, जे वाटेल ते वहीत लिहा, संध्याकाळी वाचतो. वाचली नाही.
लेकीला हात जोडले, जाऊ नकोस. ती म्हणाली, मी त्याला सोडून वर आले होते, बाबा. एकदा घळीत बघून येते, मग नाही जाणार.

ता. १२, बुधवार, होडीवर
चार गेला. नऊही गेला.
माळा दोन. घळीच्या वर. बाकीचे वर आले, आपापले बिल्ले टांगले.
माळ एकच राहिली —
चार हुकावर आहे. ओला. टांगताना मी कोणालाच बघितलं नाही. नवाचा हुक रिकामा, पण नवासाठी कोण थांबतंय. जावई म्हणतो, फळी भरली. लेक कुठे विचारलं, तर बोट दाखवलं — ती काय, टोकाला बसलीय.
बसली आहे. पाठ इकडे. सूट तिचाच, केस तिचेच. मी हाक मारली. वळली नाही.
चष्मा काढलेला नाही. नाक शिंकरलेलं नाही.
मागे पाण्यात अजून बुडबुडे येताहेत. बारीक झालेत. जावयाला ओढून दाखवले. म्हणाला, वहीत लिहा. लिहितोय. जावईबापू, हे आत्ता वाचा — ती खाली आहे —
इंजिन चालू झालं.
ऐकत नाही. पण फळीवर एक बिल्ला कमी असला तर होडी हलत नाही. नियम त्याचाच. चार मी काढला. कमरेला लावला. आता त्याला मोजावंच लागेल, थांबावंच लागेल. पोहता येत नाही तर नाही —
टोकाची उठली. इकडे येतेय. कमरेला नऊ. हात पुढे केलाय, बिल्ला मागतेय. देणार नाही. वही इथे सुकाणूवर ठेवतो आणि मी