कोरडा कागद

४ ऑगस्ट, सोमवार

आजही कोरडा!

सकाळी पावणेनऊला बाथरूममध्ये पेपर पसरून गेले, सहाला येऊन बघते तर जसाच्या तसा. फरशी कोरडी, पायपुसणं कोरडं. सोफ्याखाली वाकून वाससुद्धा घेतला. काही नाही. साडेतीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू सव्वानऊ तास कळ काढतं? जनावरांचे डॉक्टर तर म्हणाले होते, "ताई, या वयात चार तास म्हणजे फार झाले."

चिऊ खूश. "आई, आपला खडू किती शहाणा!" असेल. पण मी पंधरा वर्षं कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला आहे. एकही खोट नसलेला शर्ट हातात आला की मी तो पुन्हा उलटा करून बघते.

५ ऑगस्ट

कोरडा. दिवसा घरात कुणीतरी येतंय.

नवऱ्याला सांगितलं. "तुझं आपलं काहीतरीच," म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

७ ऑगस्ट

किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक ह्याच्याकडे, एक नणंदेकडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती रोज चिऊजवळ थांबायची, तेव्हा दिलेली. परत मागायची राहून गेली. आमच्या घरात डोकवायची तिला हौस आहेच — लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कपाट लावून देते म्हणत माझं सगळं सामान उचकलं होतं.

फोन केला. आडून आडून विचारायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं.

"वहिनी, कुत्र्याच्या नुसत्या केसाने माझ्या अंगावर पुरळ उठतं. मी कशाला येते तिथे मरायला?"

तासाभरात तिने किल्ली तिच्या नवऱ्याच्या हाती परत पाठवली. चांगलीच तोंडघशी पडले. आणि हा? एरवी बहिणीबद्दल ब्र काढलेला चालत नाही ह्याला. आज खाली मान घालून जेवला.

८ ऑगस्ट

सकाळी हा गेल्यावर, निघताना, दाराला गुडघ्याच्या उंचीवर पांढरा दोरा लावला. दोन्ही टोकांना चिकटपट्टी. शिलाईतला साधा दोरा, माहीत नसेल तर दिसतही नाही.

संध्याकाळी तुटलेला होता. चिऊला जिन्यातच उभं केलं, आधी मी आत गेले. सगळं जागच्या जागी. फक्त ओट्यावर एक कप धुऊन पालथा घातलेला. मी कप पालथे घालत नाही.

हा घालतो.

१० ऑगस्ट, रविवार

बरोबर अकरा वाजता खडू उठला, खुंटीखाली पडलेला पट्टा तोंडात धरला आणि ह्याच्यासमोर जाऊन बसला. खायला घालते मी, कुशीत घेऊन झोपते चिऊ, आणि हा गेला ह्याच्याकडे!

"आज सुट्टी आहे रे," हा त्याला म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडत राहिले.

म्हणजे हा दिवसा घरी येतो. ऑफिस पाऊण तासावर. कशासाठी येतो? कुणाला घेऊन येतो? कप एकच होता, हे मनाला दहा वेळा सांगितलं. पण कप लपवताही येतात. चिऊशी उगाच तुसडेपणाने वागले.

१२ ऑगस्ट

डोकं दुखतंय सांगून साडेदहाला कारखान्यातून निघाले. घरात गेले नाही. वरच्या जिन्याच्या वळणावर उभी राहिले, चोरासारखी, स्वतःच्याच घराबाहेर.

अकराला दार आतून उघडलं. हा एकटाच. इस्त्रीचा शर्ट, बूट, हातात पट्टा.

"चला साहेब, मीटिंगला उशीर होतोय."

खडूला म्हणत होता. मागोमाग गेले. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत दोघे थांबले. खडू वास घेत गोल गोल फिरला, शेवटी एका झुडपाशी बसला. "शाब्बास! आज पण पास!" त्याच्यासमोर उकिडवा बसून हा त्याची पाठ थोपटत होता. मग दोघे बाकावर बसले. अर्धा तास. ह्याने घड्याळ बघितलं नाही. कुणाचा फोन आला नाही, ह्याने केला नाही.

मी कारखान्यात परत गेले. दोन तास नुसत्या बाह्या बघत होते, एकही खोट दिसली नाही.

संध्याकाळी विचारलं, "कसा गेला दिवस?" "मीटिंगा गं नुसत्या." पाठ माझ्याकडे, बूट काढत होता. तेव्हाच भांडायला हवं होतं.

१३ ऑगस्ट

पेपर पसरला. कोरडा राहणार हे माहीत असून पसरला.

१४ ऑगस्ट

ह्याच्या ऑफिसला फोन केला. "ते? त्यांचा अख्खा विभाग एक एप्रिललाच बंद झाला हो, बाई."

खडूला आणलं जुलैत. त्याआधी सुट्टीभर, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत, चिऊ आणि नणंद दिवसभर घरात होत्या. स्वतःच्या घरी यायची सोय नव्हती. त्या उन्हात, रोज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, हा कुठे बसत होता?