लांबून बघ जरा

प्रिय चिमणे,

फोनवर तू जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच विचारतेस आणि ठेवून देतेस. अनोळखी कलावंतांना रेडिओवर तासन्‌तास बोलतं करणारी माझी लेक, आणि आईपाशी तोंडाला कुलूप! मीही तसलीच, म्हणा. खाण तशी माती. बाबा गेल्यापासून आपण दोघी त्यांच्याविषयी सोडून सगळं बोलतो. म्हणून लिहायला बसले.

परवा त्यांची पडदे रंगवायची शेड आवरली. शिंपीकाका आणि सुतारकाका मदतीला आले होते. तुझ्या मुलाखतींचा विषय निघाला. सुतारकाकांचं अडखळणं तू सगळं काढून टाकलंस ना, तर काकू म्हणे रेडिओसमोर बसून विचारत होत्या, हा कोण भाषण ठोकतोय, माझा नवरा कुठाय? आम्ही पोट धरून हसलो.

बाबांची मुलाखत मी रोज ऐकते. नाटकाचा पडदा कुणा एकाचा नसतो, सुताराची चौकट, शिंप्याची शिवण आणि मग माझा रंग, असं किती छान सांगतात! घरात मेलं इतकं सरळ एक वाक्य कधी बोलले नाहीत. पण त्यात मी कुठेच नाही गं. रुसले नाहीये, नुसतं सांगते. तुला ठाऊक आहे, पडदा जमिनीवर पसरून, मोजे घालून त्यावर चालत ते रंगवायचे. जवळून नुसते डाग दिसतात. म्हणून मला हाक मारायचे, "अगं ए, लांबून बघ गं जरा!" मी हातातलं टाकून दारात उभी राहायचे. डावीकडचं झाड पडतंय म्हटलं की आधी चिडायचे, मग मुकाट्याने सरळ करायचे. आता घरात मला कुणी हाक मारत नाही. फार सुनं वाटतं.

तू मुलाखत घेतलीस त्या दिवशीही बोलता बोलता त्यांनी तशीच हाक मारली होती. तू ती कापलीस, तुझं कामच ते. पण परवा फोनवर म्हणालीस की जुनी रेकॉर्डिंग पुसून टाकायचीत, तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. तो त्यांचा शेवटचा पडदा होता. हाक मला लख्ख आठवते. पण मी उठून गेले होते, की हात ओले आहेत, थांबा, म्हणाले होते, ते काही केल्या आठवत नाही. तेवढा कापलेला तुकडा मला पाठव, बाळा. तुला ऐकवत नसेल तर तू ऐकू नकोस. फक्त साफ करू नकोस, आहे तसाच पाठव. मी गेले होते की नाही, एवढंच मला ऐकायचंय.

तुझीच,
आई