बारा चमच्यांची तिजोरी

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही रोजनिशी एक जानेवारीलाच सुरू करणार होतो. पण एक तारखेला सगळेच सुरू करतात, म्हणून दोन तारीख धरली. दोनला पेन सापडलं नाही. तीनला सापडलं पण चालेना. ते उघडून बघताना आतली स्प्रिंग उडाली आणि ती शोधण्यात जानेवारी गेला. असो. आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात, आणि मी मोठा होण्याच्या बेतात आहे.

पार्श्वभूमी (पुढे चरित्र लिहिणाऱ्याला लागेल): ताई आणि भाऊजी समारंभांना खुर्च्या-भांडी भाड्याने देतात. मी तीन महिन्यांपासून त्यांच्या गोडाऊनच्या माळ्यावर राहतो. तात्पुरता. टेम्पो चालवणारे ड्रायव्हरकाका मार्चअखेर काम सोडून मुलीकडे राहायला जाणार. त्यानंतर टेम्पो मी चालवायचा असं ठरलंय. कोणी ठरवलं? ताईने. नव्या प्लेटांसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिने आज माझ्या हातात दिले. म्हणाली, प्लेटा पुढच्या वर्षी घेऊ, आधी तू मोठ्या गाडीचं लायसन्स काढ, आणि या वेळेला तरी मधेच सोडू नकोस.

फी घेऊन ड्रायव्हिंग स्कूलला निघालो. वाटेत जरा टेकलो. टेकल्यावर फोन बघितला. फोन बघितल्यावर क्रिप्टोचं कॉइन घेतलं.

कुठलं कॉइन ते इथे लिहीत नाही. सिक्युरिटी.

हिशोब सरळ आहे. दोन आठवड्यांत दुप्पट. फोनवरच्या कॉइनच्या ग्रुपमधला गुरू तिप्पट म्हणतो, पण मी लोभी नाही. दुप्पट झालं की विकायचं, फी भरायची आणि ताईला प्लेटा घेऊन द्यायच्या. लायसन्स जेमतेम दोन आठवडे उशिरा. ड्रायव्हिंग काय, पाण्यात पडलं की येतं.

६ फेब्रुवारी

कॉइन घेणं सोपं, सांभाळणं अवघड. काल दिवसभर व्हिडिओ बघितले. हॅकर कुठेही असू शकतो. भाऊजी माझ्या फोनकडे दोनदा बघून गेले, पण ते बहुधा वेळ बघत होते.

मुद्दा असा: कॉइन ठेवायचं ॲप बारा इंग्रजी शब्द देतं. ते शब्द म्हणजे किल्ली. फोन हरवला, फुटला, तरी बारा शब्द ओळीने टाकले की सगळं परत. शब्द गेले की सगळं गेलं, मग कोणाच्या बापाला विचारून उपयोग नाही. शब्द फोनमध्ये ठेवायचे नाहीत. कागदावरही नाहीत, कारण कागद जळतो, भिजतो, आणि ताई तो पुसायला घेते. धातूवर कोरायचे.

धातूवर. विचार चालू आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुचलं. स्वतःचंच कौतुक वाटलं, म्हणून दुपारी झोपलो नाही.

बाजारात एक ट्रॉफीवाला आहे. कपांवर विजेत्यांची नावं कोरून देतो. त्याच्याकडे बारा नवे स्टीलचे चमचे घेऊन गेलो. एकेका दांड्याच्या मागे एकेक शब्द. क्रम कळावा म्हणून पहिल्यावर एक टिंब, दुसऱ्यावर दोन, असं करत बाराव्यावर बारा. तो म्हणाला, ही काय टीमची टोपणनावं का? मी म्हणालो, हो. तो म्हणाला, चमचे वाटताय म्हणजे टीम हरलेली दिसते. टिंबांचे वेगळे पैसे लावले.

शब्द लिहून नेलेला कागद नष्ट केला. व्हिडिओतला माणूस गिळतो, पण माझा कागद जाड होता. चहात भिजवून सिंकमध्ये सोडला. सिंक तुंबलं. भाऊजी तासभर पाइप खोलून बसले होते. घरात कोण पुठ्ठा पितं, असं त्यांनी जनरल विचारलं.

९ फेब्रुवारी, रविवार

चमचे लपवले. कुठे? गोडाऊनमध्ये चमच्यांच्या चार गोण्या आहेत, त्यांत. हजारभर चमच्यांत बारा चमचे. हॅकरने आयुष्य घालवलं तरी सापडणार नाहीत.

फोनवरचं ॲपही काढून टाकलं, म्हणजे मोह होऊन मधेच विकायला नको. याला कोल्ड स्टोरेज म्हणतात. आता मी आणि भविष्य, यांच्यामध्ये फक्त चमचे.

ड्रायव्हरकाकांना सहज विचारलं, चमचे परत आले की मोजता का? ते म्हणाले, चमचे कोण मोजतंय, काट्यावर गोणी ठेवायची, गेली तेवढ्या वजनाची आली की झालं. म्हणजे कोणी एकेक चमचा हातातसुद्धा घेत नाही. याहून सुरक्षित जागा बँकेत नसेल.

१३ फेब्रुवारी

रोज सकाळी क्लासला म्हणून निघतो. खोटं बोलत नाही. ताई विचारते, निघालास का, मी म्हणतो, निघालो. कुठे ते ती विचारत नाही.

नव्या इमारतीपाशी बसतो. तिथे एक क्रेन आहे. क्रेनवाला वर चढताना डबा, पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन जातो. छत्री का? उद्या विचारणार. क्रेन चालवणं हे खरं माझं क्षेत्र असावं. टेम्पोपेक्षा उंच.

२० फेब्रुवारी

भाव थोडा वर. भविष्याचा अभ्यास केला. पद्धत माझी स्वतःची: फोनवरच्या ग्राफला पट्टी लावायची आणि रेघ पुढे वाढवायची. स्क्रीन संपली तेव्हा रेघ टेबलावर घेतली. टेबल संपलं तेव्हा भिंतीवर. मार्चअखेर भाव कॅलेंडरच्या खिळ्यापाशी जातो. जूनमध्ये छताला लागतो.

दुप्पट झाल्यावर विकण्याचा विचार रद्द. खिळ्यापर्यंत थांबणार. ताईला प्लेटाच काय, दुसरा टेम्पो घेऊन देईन. ड्रायव्हरसकट.

छत्रीचं विचारायचं राहिलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

धोका. भाऊजींनी टेम्पोची किल्ली पुढे केली. म्हणाले, तीन आठवडे झाले क्लासला, जरा रिव्हर्स घेऊन दाखव. ताई कमरेवर हात ठेवून उभी. मी म्हणालो, सरांनी सांगितलंय, शिकत असताना दुसऱ्या गाडीला हात लावायचा नाही, हात बिघडतो. भाऊजी म्हणाले, हात बिघडायला तू तबला शिकतोयस का? पण ताई म्हणाली, सर सांगतात तर असेल काहीतरी, आणि जेवताना मला जास्तीची पोळी वाढली. आमटीत बुडवून खाल्ली. कडक होती.

१ मार्च, शनिवार

एका मोठ्या लग्नाला चारही गोण्या गेल्या. दिवसभर जरा अस्वस्थ वाटलं. संध्याकाळी परत आल्या. काट्यावर चढवल्या. वजन तंतोतंत. गोण्यांना नुसता हात लावून पाहिला. भरगच्च.

४ मार्च, मंगळवार

चौपट.

पुन्हा बघितलं. चौपट. दुसऱ्याच्या फोनवर बघावं म्हणून भाऊजींचा मागितला. ते म्हणाले, तुला काय झालं? तिथेही चौपटच. खिळा अजून वीतभर लांब आहे, पण माणसाने समाधानी असावं. विकणार. उद्या फी भरली तरी लायसन्सचं जमेल असं वाटतं. (कायद्याचं नक्की माहीत नाही.)

जेवण झाल्यावर चमचे काढतो.

तोच दिवस, नंतर

चारही गोण्या ओतल्या. चार सापडले. चारच.

बाकीचे चमचे निरखून बघितले. निम्मे आपले नाहीतच. काही वाकडे, काहींवर दुसऱ्याच कोणाचं नाव. ड्रायव्हरकाका घरी जायला चप्पल घालत होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, असंच चालतं, लग्नघरचे चांगले चमचे ठेवून घेतात आणि आपले जुने टाकून वजन भरतात, आपणही पुढच्या पार्टीला तेच करतो, या गावात एकाही चमच्याला स्वतःचं घर नाही. वर म्हणाले, तू कशाला एवढा घाम गाळतोयस, तुझे सोन्याचे होते का?

आठ शब्द आठवून बघितले. सहा आठवले. त्यातले दोन ट्रॉफीवाल्याच्या दुकानाच्या पाटीवरचे निघाले, बाकीचे चार कितव्या नंबरचे ते आठवेना. त्याला जाऊन विचारलं, तर म्हणाला, मला कोरलेलं आठवत नाही, चुकलेलं आठवतं, आणि तुमचं काही चुकलं नव्हतं.

५ मार्च

योजना. चमचा मिळालाच पाहिजे असं नाही. नुसता दांडा वाचायला मिळाला तरी पुरे. गावातल्या प्रत्येक समारंभाला जायचं. भाव खाली यायला वेळ आहे. गुरू म्हणतो ही तर सुरुवात.

९ मार्च, रविवार

तीन समारंभ झाले. वाढायला मदत करतो म्हणून जातो. तीन शब्द मिळाले. सातवा चमचा एका आजोबांच्या हातात होता, आइस्क्रीम खात होते. दांडा तळव्यात घट्ट. मी शेजारी उभा. ते म्हणाले, तुला हवंय का? मी म्हणालो, नाही, तुम्ही सावकाश खा. त्यांनी खरंच सावकाश खाल्लं. मग आणखी एक वाटी मागवली.

ताई खूश. तिने मावशीला फोनवर सांगितलं की आमचा हा सुधारला, हल्ली समारंभ संपला तरी उठत नाही, एकेक चमचा हातात घेऊन बघतो. आजचे चमचे पहिल्यांदाच सगळे आपलेच आले, असंही म्हणाली. बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग भाव बघितला. तिप्पट.

१४ मार्च

पाच टिंबांच्या चमच्यासाठी एका घरी गेलो. त्यांच्या मुलीने कोरलेला चमचा बक्षीस समजून शोकेसमध्ये ठेवलाय. बाई म्हणाल्या, तिला खोखोत काही मिळालं नव्हतं, बिचारी खूश आहे. काचेतून वाचला. मागायचं धैर्य झालं नाही.

नववा एका कुत्र्याच्या ताटलीत होता. कुत्रा समजूतदार.

भाव दुप्पट. ही तात्पुरती डुलकी आहे.

१९ मार्च, बुधवार

दहा झाले. अकरावा मुख्य आचाऱ्याच्या खिशात. चव बघायचा त्याचा खास चमचा आहे. दांड्यावर बॉस असं कोरलेलं, म्हणून त्याला वाटतं हाताखालच्या लोकांनी प्रेमाने करून दिला. कोणालाही हात लावू देत नाही. मला कढईपाशी उभं करून दहा मिनिटं सांगितलं की माणसाची किंमत अशी न मागता होते. अकरा टिंबं म्हणजे त्याची अकरा वर्षांची नोकरी, हे त्याने स्वतःच शोधून काढलंय.

आत्ता लक्षात आलं, वर शब्द लिहिला. असो. एकच आहे.

भाव आपण घेतलं तेव्हा होता तिथे. म्हणजे तोटा शून्य. लोकांचा तर तोटा होतो.

२२ मार्च

पहिला चमचा मिळत नाही. एक टिंब, बस. गावातले सगळे समारंभ संपले. ड्रायव्हरकाकांनी सामान बांधायला घेतलं. जाताना टेम्पोच्या सगळ्या खोडी तुला सांगून जाईन म्हणाले. गिअर तीन ते चार करताना जरा लाडाने घ्यावा लागतो. मी मान हलवली. गिअर कुठे असतो ते विचारायचं राहिलं.

ताईने मंगळवारची, एक तारखेची मोठी ऑर्डर घेतली आहे. टेम्पो मी नेणार, असं पार्टीला सांगून टाकलं.

२६ मार्च, बुधवार

सापडला.

सकाळी चहात साखर ढवळत होतो. चमचा तोंडात धरून खिडकी लावली आणि जिभेला काहीतरी खरखरीत लागलं. ताईला विचारलं, हा कुठून आला? ती म्हणाली, फेब्रुवारीत गोणीतून काढला, नवा दिसला म्हणून, रोज त्यानेच तर ढवळतोस. दीड महिना. दिवसातून दोनदा.

बारा पूर्ण. ताईने विचारलं, चमचा बघून डोळ्यांत पाणी कसलं? चहा गरम होता म्हणालो.

तोच दिवस, दुपारी

ॲप परत घेतलं. बारा शब्द टाकले. उघडलं. एकाही हॅकरने हात लावलेला नाही. माझी व्यवस्था शंभर टक्के यशस्वी. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आज विकलं तर बारा चमचे येतील. टिंबांचे पैसे वेगळे.

ग्रुप उघडला. गुरूने ग्रुप सोडलाय.

भिंतीवरची रेघ खरी करून बघितली. खिळ्याकडे जाण्याऐवजी ती कॉटच्या खाली जाते. तिथे पेनाची स्प्रिंग सापडली.

३० मार्च, रविवार

काका उद्या जाणार. मंगळवारी ऑर्डर. ताईला सगळं सांगायचं ठरवलं आहे. सकाळी सांगणार होतो, पण ती खुर्च्या मोजत होती, मध्ये बोललं की आकडा चुकतो. दुपारी ती जेवत होती. प्लेटेचा कोपरा उडालेला होता, तिने तो आपल्याकडेच घेतला, चांगली माझ्यापुढे ठेवली. तेव्हा तर बोलणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी नक्की. वाक्य तयार आहे: ताई, मी गाडी शिकलो नाही, पण चमचे मोजायला शिकलो. त्यापुढचं सुचेल.

भविष्य असं आहे की कॉइन कधी ना कधी वर येणारच. पण मी आता त्यात नाही. क्रेनवाल्याला भेटून येतो. निदान छत्रीचं तरी

थांबावं लागलं. फाटकापाशी एक गाडी आली आहे. छपरावर पाटी, पाटीवर मोठा एल. मला वाटलं रस्ता चुकली. ड्रायव्हिंग स्कूलचे सर आहेत. स्कूलला वीस वर्षं झाली, त्याचं जेवण आहे, दोनशे माणसांची भांडी हवीत म्हणे. माळ्यावरून सगळं दिसतंय, ऐकूही येतंय. ताईने त्यांना चांगल्यातली खुर्ची दिली, चहा दिला, चमचासुद्धा तोच दिला, आणि विचारतेय, आमचा भाऊ कसा चालवतो हो, तुम्ही त्याला दुसऱ्या गाडीला हात लावू देत नाही म्हणे.

सर चहा ढवळतायत. भाऊजी टेम्पोची किल्ली घेऊन खाली उभे आहेत आणि मला हाक मारतायत.